सुपडूभाऊचे उपास

केळीच्या गाडीवर चार माणसं चढली की किस्सा निघतोच. रावेरला आमची पॅकिंगची टोळी. जन्म गेला घड कापण्यात अन् क्रेट भरण्यात. किस्से एवढे साचले की कोणता कोणाचा तेच कळत नाही. पण आता बसलं की सुपडूभाऊचेच निघता. सुपडूभाऊ माझा जोडीदार, मूळचा धुळ्याकडचा. त्याला अन्ननळीचा कॅन्सर निघाला. रोज मांडीला मांडी लावून जेवायचो आम्ही, अन् कोणाला काही दिसलं नाही!

*

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती. भरीत अन् कळण्याची भाकर. सुपडूभाऊ नुसतं भरीत बोटानं चाटून राहिला, भाकर तशीच. मी म्हटलं, "काय भाऊ, वहिनीनं दात काढून ठेवून घेतले का?" बठ्ठे हसले. तोही हसला. भाकर त्यानं हळूच कुत्र्याला टाकली. मी पाहिलं ना! मग कुत्र्यावर पण एक जोक मारला.

*

पुढं त्यानं सोमवार धरला. मग गुरुवार. मग शनिवार. कधी देवळाची पायरी न चढलेला माणूस! आम्ही त्याला महाराज म्हणायला लागलो. एकदा मी मुद्दाम पाया पडलो, आशीर्वाद मागितला. त्यानं डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "सुखी राहा. फक्त माझ्यासमोर भाकर मोडू नको."

केवढे हसलो आम्ही.

*

केळीत काम करणारा माणूस केळी खात नाही, दिवसभर नाकात तोच वास. अन् हा दुपारी दुधात केळी कुस्करून खायला लागला, तेवढंच. मालक म्हणे, माल दिल्लीला पाठवायचा का याच्या पोटात?

पँट ढिली झाली तर पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. आम्हाला वाटलं, उपास लागू पडला. माझी बायको माझ्या पोटाकडं पाहून म्हणे, सुपडूभाऊंकडून शिका काही.

*

डॉक्टरकडं गेला नाही असं नाही. गावातल्या डॉक्टरनं गॅसची गोळी दिली, अन् बजावलं की फरक नाही पडला तर जळगावला जाऊन घशातून दुर्बीण टाकून घ्या. यानं गोळी घेतली, दुर्बीण सोडून दिली. शेजारच्या अक्का म्हणाल्या, पडजीभ उतरली. मीठ-हळद लावून अंगठ्यानं दाबून दिली. अक्कांचा इलाज त्याला फार पटला. अक्कांनी पुढं कुठं पाठवलं नाही ना!

*

धरणगावला त्याच्या लेकीच्या सासरी नातवाचं जावळ होतं. वहिनीसोबत मलाही घेऊन गेला. वरण-बट्टीची पंगत. व्याही स्वतः ताटात बट्टी टाकून राहिले. लेकीच्या सासरी उपास सांगायचा कसा? यानं घास घेतला अन् थांबला. पाणी प्याला, ते पण परत आलं. थुंकी खाली जाईना. लेक रडायला लागली. व्याह्यांनी गाडी काढली, तसंच जळगावला कॅज्युअल्टीत नेलं.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची. दुर्बीण टाकून तिनं घास काढला. घासाच्या खाली गाठ. बाहेर येऊन विचारलं, गिळायला त्रास कधीपासून? मी वहिनीकडं पाहिलं.

वहिनी खाली पाहून म्हणाली, "घरी मी मिक्सरमध्ये वाटून देत होते. म्हटलं, जावळ होऊ दे, मग सांगू."

गाठीचा तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टर म्हणे, रेडिएशनचा शेक देऊ, तेवढाच आराम. पोटात नळी बसवली. आता दूध, पेज, जे काय ते नळीनं.

*

शेक संपला तसं त्यानं टोळीला घरी जेवायला बोलावलं. आम्ही लई नाही म्हटलं. ऐकेना. म्हणे, एवढे उपास केले, उद्यापन नको का?

वरण-बट्टीच केली होती. वाढायला स्वतः उभा राहिला. शर्टाखाली नळी, हातात तुपाचं भांडं. माझ्या ताटात बट्टी ठेवली, वाकून स्वतःच्या हातानं बारीक कुस्करली, वरण ओतलं. आवाज पार बसलेला.

"सावकाश खाय," म्हणाला. "अटकनं ते लगेच सांगजो."

मी घास घेतला. तो तिथंच उभा राहिला, माझ्या गळ्याकडं पाहत.