सातव्याच्या आधी आठवा

"मामा, मशीन थांबवा."

मशीन सुरूच झालं नव्हतं. ते सुरू करायला जो कागद लागतो, तो तिच्याच हातात होता, सही न केलेला. पण रंजना चौगुले दारातून हे अशा आवाजात म्हणाली, की मी खुर्चीतून उठून मशीनकडे बघून आलो.

शिवाजी पेठेत माझी प्रेस आहे. पस्तीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, बिलबुकं, फुटबॉल स्पर्धांची हँडबिलं आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, हा आमचा रोजचा धंदा. वर्षाला चार-पाच पुस्तकंही होतात. ती बहुतेक लोकांनी स्वतःच काढलेली असतात. स्वतः लिहायचं, स्वतःच प्रकाशक व्हायचं आणि स्वतःच पिशवीत घालून खपवायचं. या मंडळींचं मला कौतुक वाटतं आणि थोडी धास्तीही वाटते. कव्हर छापून झाल्यावर रंग बदला म्हणणारी हीच माणसं.

रंजना गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेत टेस्टर आहे. लोक सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन येतात, त्याचा नमुना मशीनला लावून फॅट सांगायचं हे तिचं काम. संस्थेचा अहवाल माझ्याकडे छापायला यायचा आणि प्रूफ तपासायला तिला पाठवायचे. सचिवांच्या आणि माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका ती उभ्या उभ्या काढून दाखवायची. तीन वर्षांपूर्वी एकदा अहवालाचं काम झाल्यावर तिनं माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत वह्या होत्या. हे जरा बघा, म्हणाली, हा अहवाल न्हाय.

ती कादंबरी होती. ती स्वतः मात्र तिला कादंबरी म्हणायची नाही. "माझं ते" म्हणायची.

ती कशी लिहिली हे मला पुढं हळूहळू कळलं. सकाळचं संकलन आठला संपतं आणि दूध न्यायला गाडी पावणेनऊला येते. मधल्या वेळात बाकीचे चहाला जातात. ही काउंटरवरच बसून वहीचं एक पान लिहायची. रोज एक. दूध संस्थेत बिल दर दहा दिवसांनी निघतं, तोच नेम तिनं लिखाणाला लावला होता. दहा पानं झाली की प्रकरण बंद, दुसऱ्या दिवसापासून पुढचं. चोवीस बिलं निघाली आणि चोवीस प्रकरणं झाली. असा कसला नेम, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, बिल कुणासाठी थांबतंय व्हय?

त्या वह्या मी पानन् पान बघितल्यात. म्हैस व्याली त्या दिवशी फक्त सात ओळी आहेत आणि दुसऱ्या दिवशी दीड पान आहे. सासरे दवाखान्यात होते त्या आठवड्यात अक्षर बिघडलंय, पण पानं पुरी आहेत. पस्तीस वर्षांत मी पुष्कळ लिहिणारे बघितले. अशी वही बघितली नव्हती.

गोष्ट होती हौसा नावाच्या बाईची. ती भावाशी भांडून घर सोडते, कागलला हायवेला लागून खानावळ उभी करते आणि भाऊ आजारी पडल्यावर परत येते. मग कुणी कुणाला घरात घ्यायचं, हा प्रश्न उरतो. मजकूर टाइप मीच करत होतो. हौसा खानावळीचा पहिला तवा विकत घेते, तिथं माझे हात थांबले होते. मी रंजनाला सरळ सांगितलं की हे चांगलं आहे. ती म्हणाली, तुम्ही चांगलंच म्हणणार, तुम्हाला छापायचंय.

तिनं दिवसही ठरवला होता. दिवाळीच्या आधी संस्था सभासदांना फरक वाटते, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधामागं जादा दराची रक्कम. त्या दिवशी घरटी एक माणूस तरी काउंटरवर येतंच. त्याच दिवशी काउंटरशेजारी टेबल टाकून तीनशे प्रती ठेवायच्या, हे तिचं लक्ष्य. संस्थेच्या कॅलेंडरवर त्या तारखेला तिनं लाल गोल काढला होता. आत काही लिहिलं नव्हतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी नावाच्या वर 'लेखिका' असं टाकलं होतं, तेही तिनं काढायला लावलं. नुसतं नाव ऱ्हाऊ दे, म्हणाली.

छपाईच्या आधी मी नव्या लेखकांना एक डमी करून देतो. डमी म्हणजे साध्या प्रिंटरवर काढून, घड्या घालून, शिवून केलेली एकच कच्ची प्रत. हातात धरली की पुस्तकासारखी वाटते. लेखकानं ती वाचायची आणि छपाईच्या आदेशावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय आमच्याकडे प्लेट बनत नाही, म्हणजे ज्या पत्र्यावरून छपाई होते तो पत्राच तयार होत नाही. रंजनाला डमी देऊन पंधरा दिवस झाले होते. फरक वाटपाला नऊ दिवस उरले होते. छपाई, घडी, शिलाई, कटिंग, सगळं धरून मला आठ दिवस तरी हवे होते. आणि आता ती दारात उभी होती.

मी तिला बसवलं आणि काय झालं ते विचारलं.

"वन्संनी वाचलं," ती म्हणाली. वन्सं म्हणजे तिची नणंद मालन, कागलला दिलेली. वाचनालयाची कपाटं संपवणारी बाई. रंजनाच्या लिखाणाची बातमी घरच्यांत त्या एकटीलाच होती. "मधी डोकं फिरतं म्हणाल्या. हौसा कवा जाती, कवा येती, कायबी कळत न्हाय म्हणाल्या."

मी म्हटलं, एका माणसाचं मत आहे.

"ऐका की मामा. मी वही काढली आन् चारदा वाचली. मला त्यात कायबी चुकल्यालं दिसंना. म्हंजे बघा, चूक हाय, आन् ती मला दिसतबी न्हाय. असल्या माणसानं लिवू न्हाय."

पहिल्या पुस्तकाला असं होतंच, सगळ्यांना होतं, असलं काहीतरी मी बोललो. तिनं ते कानाआड केलं. मशीननं दाखवलं ते फॅट, रोज मी लोकांना हेच सांगते, आता माझ्यावर आल्यावर भांडत बसू काय, असं तिचं म्हणणं. आवाज साधाच होता. डोळे मात्र भरले होते. मला फार वाईट वाटलं. दोनशे चाळीस दिवस रोज एक पान लिहिलेलं माणूस एका वाक्यानं उठून निघालं होतं.

कोपऱ्यात आमचे बाईंडर सलीमभाई पत्रिकांच्या घड्या घालत बसले होते. तीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. दिवसाला चार वाक्यं बोलतात. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "बाई, आन् एखादा म्हणाला की माझं दूध असं न्हाई, तर काय करता तुम्ही?"

"त्याच्यासमोर आमी परत लावतो. दूध नीट ढवळून."

"मग लावा की परत."

मी डमी कुठं आहे विचारलं. पिशवीत होती, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली. आणि मग कळलं की ती तिनं एकदाही उघडलेली नाही. माझ्याकडून नेली ती तशीच मालनकडे पाठवली, आणि आली ती तशीच इथं आणली. वही चारदा वाचली होती, डमी शून्यदा. छापलेलं बघायचं धाडस होईना, म्हणाली.

आता बघ, म्हटलं. मालननं सांगितलेल्या जागेपासून वाच, मी बाजूला होतो.

मी उगाच कागदाचे गठ्ठे मोजत बसलो. ती ओठ हलवत वाचत होती. पानं उलटल्याचा आवाज येत होता. वीसेक मिनिटांनी तो थांबला. मग ती मागं गेली, पुढं गेली, परत मागं गेली.

"मामा," ती म्हणाली, "हौसा अजून घरातच हाय. आन् हितं भाऊ तिला म्हणतोय, लई दिसांनी आलीस."

मी डमी हातात घेतली आणि माझे कान तापले.

पुस्तक एकेक पान छापून होत नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पानं बसतात, त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. कागदाची घडी घातली की सोळा पानांची वही होते. असे बारा फॉर्म क्रमानं एकावर एक लावले, पुढं नावाची पानं वेगळी जोडली, की हे पुस्तक. या डमीत सातव्याच्या आधी आठवा लागला होता. त्या दिवशी सलीमभाई सुट्टीवर होते आणि फॉर्म मी लावले होते. माझ्या या हातांनी.

अशी चूक पकडायला प्रेसमध्ये दोन सोयी असतात. एक पान नंबर. तो मी शेवटी टाकतो. दुरुस्त्यांमध्ये पानं पुढं-मागं होतात, म्हणून सगळं पक्कं झालं की एकदाच टाकायचा, अशी पस्तीस वर्षांची सवय. दुसरी सोय घडीच्या पाठीवरच्या काळ्या खुणा. प्रत्येक फॉर्मची खूण आधीच्यापेक्षा थोडी खाली असते, त्यामुळं क्रम चुकला की पायऱ्या तुटलेल्या दिसतात. एका डमीला कशाला, म्हणून त्या मी घातल्याच नव्हत्या. प्रकरणांना नंबर देण्याऐवजी छोटं फूल छापायची हौसही माझीच.

एवढं होऊनही चूक लपायला नको होती. फॉर्म चुकला की वाक्य मध्येच तुटतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं. इथं तेही झालं नाही. रंजनाच्या वहीची दहा पानं छापताना बरोबर आठ होत होती. प्रत्येक प्रकरण आठ पानांचं, म्हणजे एका फॉर्ममध्ये दोन प्रकरणं नेमकी बसलेली. एक वाक्यही तुटलं नव्हतं. तिच्या शिस्तीनं माझा गबाळेपणा झाकून टाकला होता.

मी सगळं जसं होतं तसं सांगितलं. चूक माझी आहे, तुझ्या लिखाणात काही नाही, असं दोनदा म्हणालो. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फोन काढला, मालनला लावला आणि स्पीकरवर टाकून माझ्या समोर ठेवला.

"वन्सं, ते पुस्तक उलटंसुलटं लागलंतं. प्रेसमधनं चुकलंय."

पलीकडून मालनताई म्हणाल्या, "व्हय? आन् मी दोनदा वाचलं की गं. म्हटलं माझंच डोकं म्हातारं झालं. तरी शेवटाला रडायला आलंच."

रंजनानं फोन ठेवला, डोळे पुसले आणि माझं पेन उचललं. छपाईच्या आदेशावर सही करायच्या आधी तिनं वरच्या बाजूला एक ओळ लिहिली: पान नंबर आधी टाकणे. मग सही केली.

पुढचे आठ दिवस मी दिवाळी सेलची दोन हँडबिलं मागं ढकलली आणि दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या. सलीमभाईंनी तीनशे प्रतींचा एकेक फॉर्म स्वतः लावला, मला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. खोकी आदल्या दिवशी संस्थेत पोचली. मी वाटपाच्या दिवशी मुद्दाम गेलो. टेबलासमोर एक सभासद पुस्तक उलटसुलट करत म्हणत होते, न घेऊन सांगतोय कुणाला, उद्या फॅट कमी लागलं म्हंजे? फॅट मशीन लावतंय, मी न्हाय, असं रंजनानं त्यांना सुनावलं. त्यांनी घेतलं. आठवड्यानं तेच गृहस्थ बहिणीसाठी दुसरी प्रत न्यायला आले, हे मला तिनं फोन करून सांगितलं.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. पुस्तक कळलं नाही म्हणून वाचणारीनं स्वतःवर शंका घेतली. चूक दिसली नाही म्हणून लिहिणारीनं स्वतःवर शंका घेतली. तिघांपैकी ज्यानं शंका घ्यायला हवी होती, तो एकटाच पस्तीस वर्षांच्या अनुभवावर निवांत बसला होता.

गेल्या महिन्यात अहवालाच्या कामाला मी संस्थेत गेलो होतो. भिंतीवर नवं कॅलेंडर आहे. दिवाळीच्या आधी एका तारखेला लाल गोल आहे, आणि या वेळी आत लिहिलंय: पुस्तक दुसरं. वह्या माझ्याकडे यायला लागल्यात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिनं लाल शाईनं नंबर घातलाय. तो कशासाठी, हे मी विचारलं नाही.