लपवलेल्या चपला

चौऱ्याण्णव साली ज्या सकाळी मी गाव सोडलं, त्या सकाळी माझ्या चपला सापडत नव्हत्या. राधानगरीकडून येणारी सातची एसटी फाट्यावर थांबणार होती आणि मी अनवाणी अंगणात उभी. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. "जेवल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय," एवढंच म्हणाली. चपला भाताच्या कणगीमागं होत्या, हे मला माहीत होतं. तरी मी जेवले. सातची गेली. नऊच्या गाडीनं कोल्हापूर गाठलं, तिथून पुणं.

गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आईची ही रीत ठाऊक आहे. दारात "या पावणं" म्हणायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं आणि पाहुणा आत वळला की त्याच्या चपला उचलायच्या. मग तो तलाठी असो की बांगड्या भरणारी बाई, ताटावरून उठल्याशिवाय सुटका नाही. तुमच्यातल्या कित्येकांनी त्या कणगीमागं हात घातला आहे.

मी गावच्या दूध संस्थेत फॅटचे आकडे लिहीत होते. कॉलेजच्या एकांकिकेत लोकांना हसवलं होतं, त्या ओळखीवर पुण्यात एका नाटकात गावाकडच्या सासूचं काम मिळालं. वाक्यं तेरा. तालमीत एकावरही कुणी हसेना. दिग्दर्शक वैतागून म्हणाले, वाक्यं राहू देत, काहीतरी करून दाखवा. मी पाहुण्याच्या चपला उचलून पदराखाली घेतल्या. सगळे हसून हसून खाली बसले.

पुढं ती माझी ओळखच झाली. पण रोज तोच हशा पुरत नाही, म्हणून मी जागा बदलत गेले. आधी पिठाचा डबा, मग उशीखाली, शेवटी देव्हारा. देव्हाऱ्यात चपला ठेवून मी हात जोडायचे, तेव्हा नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे लोक.

तिसऱ्या वर्षी कोल्हापुरात प्रयोग लागला. आई आणि वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. वहिनीनं नंतर सांगितलं, की पदराखाली चपला गेल्या तेव्हा आईच सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि शेजारच्या बाईंना म्हणाली, हे माझंच हाय की. देव्हाऱ्याच्या वेळी मात्र तिनं मान खाली घातली. शेजारच्या बाई आईकडं बघून हसत राहिल्या.

मेकअपच्या खोलीत ती डबा घेऊन आली. भिंतीला टेकून उभी राहिली. "चपला देवात न्हाय ठेवल्या मी कवा, सुले," म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग डबा उघडून माझ्या पुढ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सांगलीला प्रयोग होता. देव्हारा गाळायचा असं ठरवून मी एंट्री घेतली आणि ऐन वेळी पाय तिकडंच वळले. त्यानंतरही वळत राहिले. पुढं सीरियल मिळाली, तिथंही तेच. घरोघरी टीव्हीवर ते दिसलं. गावी आमच्या दारात येणारे पाहुणे चपला हातात धरून आत यायला लागले आणि आईला म्हणायला लागले, काकू, देवात ठेवू नका बरं का. तुमच्यातलेही काहीजण म्हणाले असतील. तुम्हाला दोष देत नाही. ते तुम्हाला मीच शिकवलं.

आता पुण्यात आमच्या सोसायटीत प्रत्येक दाराबाहेर शू-रॅक आहे. पाहुणे फोन करून येतात, अर्धा तास बसतात, स्वतःच्या चपला स्वतः घालून जातात. कुणाला उशीर होत नाही. सुरुवातीला मला ते फार सोयीचं वाटलं होतं. परदेशी गेलेली माझी मैत्रीण म्हणते, तिकडंही असंच.

दोन हजार सात साली मी स्वतःच्या गाडीनं गावी गेले. आईनं पाणी दिलं, विचारपूस केली, पुण्याला पोचायला किती वेळ लागतो ते विचारलं. दुपार व्हायला आली तरी चुलीवर तवा नव्हता. तूच म्हणाली असशील निघायचं हाय, असं वहिनी हळूच म्हणाली. मी तसं काही म्हटलं नव्हतं. मी उठले आणि सवयीनं आधी कणगीमागं पाहिलं. तिथं केरसुणी होती.

चपला उंबऱ्याबाहेर होत्या. आईनं त्या पुसून, जोडीनं, रस्त्याकडं तोंड करून ठेवल्या होत्या. जिथून निघताना उशीर होतो ते घर, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या दिवशी मी अंधार पडायच्या आत पुण्यात होते.