इबूचं नाक

टॉवेल उचलायचा, केळीच्या पानातल्या पुड्यांवर उलटा हात ठेवायचा, मग वाकून वास घ्यायचा. तापलेल्या मुलाचं अंग बघावं तसं. "गरम आहे. म्हणजे जिवंत आहे," असं म्हणून ती टॉवेल पुन्हा नीट पांघरायची. "झालं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आलोन-आलोन." तिच्या जावानीज भाषेत, सावकाश.

तिला आम्ही इबू म्हणायचो. इबू म्हणजे आई. त्यांच्याकडे कुठल्याही वयस्क बाईला म्हणतात. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समधलं आमचं भाड्याचं घर आणि तिचं घर यांच्यात एकच कुंपण होतं. ती एकटीच राहायची, मुलगा-सून लांब, विमानाच्या अंतरावर, रिकार्टनला. आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं तुटक, माझं पुणेरी. इथे मराठीत लिहिते आहे, कारण कबुली द्यायची तर मला ती मराठीतच जमेल.

ती तेंपे करून विकायची. शिजवलेल्या सोयाबीनवर पांढरी बुरशी चढवून केलेली घट्ट वडी. शनिवारच्या बाजारात तिचं टेबल असे. आधी इंडोनेशियाचे विद्यार्थी तेवढे यायचे. पुढे दंडभर गोंदवलेली, मांस सोडलेली गोरी मुलं रांग लावायला लागली. "माझी सासू असती तर हसून हसून मेली असती," इबू म्हणायची. "आमच्याकडे हे गरिबाचं खाणं. इथे लोक त्याचा फोटो काढतात!"

आमची दोस्ती हॉट वॉटर कपबर्डमुळे झाली. इकडच्या थंडीत दही लावलेल्यांना सांगायला नको. गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट म्हणजे घरातली एकमेव ऊबदार जागा. मी तिथे दह्याचं भांडं ठेवायचे, ती तेंपेच्या पुड्या. एकदा आम्ही महिनाभर पुण्याला गेलो तेव्हा माझ्या आईने दिलेलं विरजण इबूने दिवसाआड दुधाला लावून जिवंत ठेवलं. तिला स्वतःला दही बघवत नसे. "काय हा वास!" असं नाक मुरडत तिने महिना काढला.

तिचंही विरजण होतं. तिच्या परसातल्या, जास्वंदीच्या जातीतल्या एका झाडाची पानं. पानाच्या खालच्या लवेत बुरशी धरवायची, पान वाळवायचं, आणि पुढचं तेंपे त्याच्यावर लावायचं. जुन्यावरून नवी पानं, नव्यावरून आणखी नवी. मूळ तिच्या सासूकडचं, जावा बेटावरच्या क्लातेनजवळच्या खेड्यातलं. सफरचंदाची फोडसुद्धा सोडत नाहीत अशा विमानतळावरून पंचवीस वर्षांपूर्वी ती पानं कशी आली, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. "गावात आता सगळ्यांकडे कारखान्यातल्या विरजणाची पावडर," ती म्हणायची. "सासूचं फक्त माझ्याकडे राहिलं." पावडरच्या तेंपेला वासच नसतो, असं तिचं मत होतं. वासावरून ती कुठल्या आठवड्याची पानं आहेत तेसुद्धा ओळखायची.

मग तिची बहीण आजारी पडली आणि तिला सहा आठवडे जावाला जावं लागलं. तिचं घर बंद राहून दमट होणार, म्हणून तिने पानांची कागदी पिशवी माझ्याकडे आणून दिली. दोन्ही हातांनी दिली. "काही करू नको. फक्त कोरडी ठेव."

एवढंच काम होतं.

चौथ्या आठवड्यात घराच्या इन्स्पेक्शनची ईमेल आली. मागच्या वेळी घरमालकाच्या एजंटने बाथरूमच्या खिडकीवरच्या बुरशीचे फोटो काढून आम्हाला नोटीस दिली होती. तेव्हापासून मी घरात बुरशी हा शब्द ऐकला तरी स्प्रेची बाटली शोधायचे. मंगळवारी सकाळी मी कपाट पुसायला घेतलं, पिशवी उघडली आणि आत वाळून काळी-करडी झालेल्या बुरशीची पानं बघितली. चुकून टाकली, असं मी नवऱ्याला सांगितलं. स्वतःलाही बरीच वर्षं तेच सांगत आले. पण तसं नव्हतं. ती कशाची पानं आहेत हे मला पुरतं ठाऊक होतं. एजंटने विचारलं तर काय सांगायचं, याची लाज वाटली. पाचोळाच तर आहे, इबू पुन्हा करेल, पावडर मिळतेच की, असं सगळं मनात येऊन गेलं. बाहेर कचऱ्याची गाडी आलेलीच होती.

एजंट सात मिनिटं थांबला. ते कपाट त्याने उघडलंच नाही. "स्वीट ॲज," म्हणजे सगळं झकास, असं म्हणाला आणि गेला.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. मी पावडर मागवली. इबूच्याच झाडाची पानं तोडून आणली, सोयाबीन शिजवलं, व्हिडिओ बघून बघून पानांवर बुरशी धरवली, वाळवली आणि तशाच कागदी पिशवीत भरली. ऑफिसात आठ तास दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी टेस्टर; हे काम मी अगदी बिनचूक केलं.

इबू परतली. पिशवी उघडून तिने पान नाकाशी धरलं. थांबली. दुसरं पान धरलं. आता ती विचारेल, आणि विचारलं तर मी सांगेन, असं मी ठरवलं होतं.

"प्रवासाने नाक चोंदलं," ती म्हणाली.

नाक चोंदलेलं नव्हतं हे एका आठवड्यात तिच्या लक्षात आलं, पण दोष तिने नाकालाच दिला. "म्हातारं झालं. पूर्वीचा वास येतच नाही." बाजारात गिऱ्हाईक खूश होतं; तेंपे उलट जास्त पांढरंशुभ्र व्हायला लागलं होतं. ती मात्र वडी कापून आधी मला द्यायला लागली. "तू बघ गं, तुझं नाक तरुण आहे. बरोबर आहे ना?" मी दर वेळी बरोबर आहे म्हणायचे. डॉक्टरकडेही मीच घेऊन गेले तिला. वयाप्रमाणे होतं असं, डॉक्टर म्हणाला, आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही माझ्या जागी असतात तर कुठल्या दिवशी बोलला असतात? मी रोज उद्यावर ढकलत गेले.

दोन वर्षांनी मुलगा तिला रिकार्टनला घेऊन गेला. जाताना तिने अर्धी पानं माझ्याकडे ठेवली. "गावात नेहमी दोन घरी ठेवायचे. एका घरचं गेलं तर दुसऱ्याकडून आणायचं. तुझ्याकडे असली की मला झोप लागते." ती पानं मात्र मी जपली. पावसाळी दिवसांत तीनतीनदा बघायचे.

पुढच्या हिवाळ्यात इबू गेली. नंतर तिची सून विमानाने एका दिवसापुरती आली. इबूच्या हयातीत आपण कधी सोयाबीनला हात लावला नव्हता, हे तिनेच हसत सांगितलं आणि सांगताना रडली. शेवटी शेवटी, ती म्हणाली, सासूबाईंनी घरातली पानं टाकून दिली होती. नाक गेल्यावर आपल्या हातून ती बिघडली असं त्यांना वाटत होतं. "पण म्हणायच्या, खरी पानं ऑकलंडला आहेत, तिच्याकडे. आता मी शिकणार आहे."

मी पिशवी आणून दिली. तिने एक पान काढलं, नाकाशी धरलं, आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेतला.

"हाच ना तो? त्यांच्या सासूच्या वेळचा?"

मी म्हणाले, "हो, हाच."