‘फोन करा’चं हिरवं बटण

आमचे आण्णा घोडेगावच्या बाजारातले दलाल. गाय विकणारा आणि घेणारा, दोघांच्या मधे उभं राहून सौदा मोडू द्यायचा नाही, हे त्यांचं जन्मभराचं काम. आवाज असा, की बाजाराच्या एका टोकाला त्यांनी हाक मारली की दुसऱ्या टोकाचा चहावाला म्हणायचा, “आले बघा.” घरात आम्ही त्या आवाजाला वैतागायचो. आता कुठून आणू?

गेल्या वर्षी घसा बसला तो सुटेचना. नगरला तपासलं, गाठ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, आवाज जाईल. धूळ सोसत नव्हती म्हणून त्यांचं बाजारात जाणंही बंद झालं. घोगरं का होईना, बोलता तेवढं येत होतं. जनावरांच्या व्यापाऱ्यांना आमच्याकडे हेडी म्हणतात. आण्णांचं एकच म्हणणं, “बाई, आवाज हाय तवर चार हेड्यांशी बोलून घेतो. नंतर हायेच गप बसनं.”

त्याची सोय होती. दलालांनी मिळून एक अ‍ॅप करून घेतलं होतं. ज्यानं केलं तो पुण्याला नोकरीला गेला आणि मी कॉम्प्युटर शिकलेली म्हणून ते नंतर माझ्या गळ्यात पडलं. जनावराचा फोटो, वेत म्हणजे कितव्यांदा व्यालंय ते, दूध आणि खाली नंबराच्या जागी हिरवं बटण, ‘फोन करा’. आण्णांकडे विकायला आलेल्या गायी मी त्यावर चढवायचे. किती लोकांनी बघितल्या ते दिसायचं, बघत तर खूप होते. फोन मात्र एकही येईना.

आण्णा मोबाईल उशाशी घेऊन बसायचे. आपण होऊन कुणाला लावायचे नाहीत, दलालानं मागं लागलं की त्याचा मान जातो म्हणायचे. रेंज बघायचे, चार्जर हलवून बघायचे. आई म्हणायची, जेवून घ्या, तर म्हणायचे, “वाजला तर? तोंडात घास घेऊन बोलू व्हय?” एक दिवस स्वतःशीच पुटपुटले, “इसरली लोकं. बाजार लई बेइमान असतो.” मला त्या लोकांचा असा संताप आला! या माणसानं त्यांची भांडणं मिटवली, पोरींची लग्नं जमवली, आणि एक फोन करायला यांची बोटं झिजतात काय?

ऑपरेशनसाठी दाखल केलं त्या दुपारी त्यांनी माझा मोबाईल मागितला. आपला फोन नीट वाजतो का, ते बघायचं होतं. अ‍ॅप उघडलं, आपलीच गाय काढली, बटण दाबलं. उशाशी त्यांचा फोन गप्प. माझ्या मोबाईलवर पांढरं पान आलं, ‘वेबपेज उपलब्ध नाही’.

“हे काय म्हनतंय गं?”

मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच पान. आमचं अ‍ॅप म्हणजे चौकटीत बसवलेली वेबसाईट. साध्या ब्राउझरमध्ये ते बटण दाबलं की फोन लागतो, करणाऱ्यानं तिथंच तपासलं असणार. अ‍ॅपच्या चौकटीला मात्र शिकवावं लागतं, की बाई, हे पान नाही, हा नंबर आहे, हा फोनच्या हवाली कर. ते कुणी शिकवलंच नव्हतं. ती बिचारी नंबरालाच पान समजून शोधायची आणि हात वर करायची. मग कुणी तक्रार कशी केली नाही? तर ‘तक्रार करा’ हे बटण ईमेलचं. तेही त्याच पांढऱ्या पानावर जाऊन मरत होतं. आणि इकडे दलाल मंडळी खूश, एकही तक्रार नाही म्हणून; त्यांचे सौदे बाजारात समोरासमोर होतच होते. कपाळ!

“आण्णा, कुणी विसरलं नाही. त्यांचा फोन लागतच नव्हता.”

आण्णा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. “मंग लाव की नीट.”

दवाखान्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. फोनचं फोनकडे पाठव, ईमेलचं ईमेलकडे, एवढंच तर सांगायचं होतं. चहा गार व्हायच्या आत झालं. पण नवीन अ‍ॅप प्ले स्टोअरला पाठवायचं, तिथं त्याला मंजुरी मिळायची, मग लोकांच्या मोबाईलवर ते उतरायचं. हे माझ्या हातात नव्हतं. संध्याकाळभर आण्णा विचारत होते, “झालं का?” मी म्हणत होते, “होतंय, आण्णा.” फोन काही वाजला नाही.

सकाळी स्ट्रेचरवर घेतलं तेव्हाही मोबाईल त्यांच्या हातात होता. तो माझ्याकडे देत म्हणाले, “वाजला तर घे. सांग, आलोच म्हनून.” त्यांचं हे शेवटचं बोलणं.

फोन वाजला तो ते वॉर्डात परत आल्यावर. गळ्यातल्या नळीतून श्वास घेत पडून होते. त्यांनी हातानं खूण केली, उचल. मी स्पीकरवर टाकला. नेवाशाकडचे एक हेडी होते, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आण्णांचं आणि त्यांचं दर बाजारी भांडण आणि दर बाजारी एकत्र चहा.

“अरे दोस्ता, हायेस कुठं? मोबाईल पान्यात गेला माझा, नंबर समदे गेले. तुझी गाय दिसली की बटन दाबतोय, आज कुठं लागला बघ! गायीचं ऱ्हाऊ दे, तब्येत कशी हाय ते सांग. बोल की.”

आण्णांचे ओठ हलले. नळीतून नुसती हवा आली.

“हॅलो? आवाज येतोय ना माझा?”

आण्णांनी मान हलवली. टाके ताणले तरी पुन्हा पुन्हा, फोनकडे बघून हलवली.

“येतोय, चाचा,” मी म्हटलं. “आण्णा ऐकतायत. तुम्ही बोला.”