डावखुरीचं सोंग

माझा स्वभाव तापट आणि माझं बॉक्सिंगही तसंच. घंटा वाजली की घुसायचं, एवढंच मला यायचं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये आमचा क्लब होता. तिथे सर रोज ओरडायचे, "अगं, समोर कोण आहे ते तरी बघ! भिंत दिसली की डोकं आपटायचंच का?" पण समोरची उंच असो, बुटकी असो, माझी गाडी एकाच गिअरमध्ये.

त्या वर्षी जिल्हा संघाची निवड होती आणि घरी करार झालेला: निवड झाली तर खेळ चालू, नाही तर ग्लोव्हज माळ्यावर आणि मी नोकरीला. बाळकुमला आमच्या बिल्डिंगमध्ये बाबांना सारखं कोणीतरी विचारायचं, "मुलीच्या नाकाला काय झालं हो?" त्यांचं तरी काय चुकलं?

शेवटची लढत कल्याणच्या एका डावखुऱ्या मुलीशी पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. ती शांत उभी राहायची आणि समोरची झेपावली की डाव्या हाताचा सरळ ठोसा ठेवून द्यायची. माझ्यासारख्यांना धडा शिकवायलाच जन्माला आलेली.

आमच्या क्लबची एक पद्धत होती. मोठी लढत आली की कोणीतरी प्रतिस्पर्ध्याचं सोंग घ्यायचं, म्हणजे हुबेहूब त्याच्यासारखं खेळायचं, आणि लढणाऱ्याने त्या सोंगाशी सराव करायचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. सर त्यात डावखुऱ्याची भर घालायचे, कारण उजव्या हाताच्या माणसाला त्यासाठी पाय, हात, तोल सगळंच उलटं करावं लागतं.

ते सोंग घ्यायला उभी राहिली डोंबिवलीहून येणारी माझी मैत्रीण. खरं तर ती माझ्याच वजनगटातली. क्लबमधून एकीलाच पाठवायचं होतं, म्हणून सरांनी आमच्या दोघींची लढत लावली आणि ती मी थोडक्यात जिंकलेले. त्यानंतर तिने माझ्याशी अबोला धरला असता तरी कोणी तिला नावं ठेवली नसती. तिने दुसऱ्या दिवशी येऊन उजवा पाय पुढे टाकला आणि म्हणाली, "चल, ये. आजपासून मी कल्याणची."

सुरुवातीला तिचे पाय एकमेकांत अडकायचे आणि आम्ही हसत सुटायचो. मग ती हट्टाला पेटली. चहाचा ग्लास डाव्या हातात, कंगवा डाव्या हातात, रिक्षाला हात दाखवायचा तोही डावाच. हळूहळू तिचा डावा ठोसा खरोखर लागायला लागला. त्या माराने मला थांबायला शिकवलं. आपला पुढचा पाय तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा, तिच्या डाव्या हातापासून लांब फिरायचं आणि संधी मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

यात तिचा स्वतःचा खेळ मात्र बिघडत होता. एकदा ती नेहमीच्या पवित्र्यात उभी राहायला गेली तर तिला जमेना. मी घाबरले. "असू दे गं," ती म्हणाली, "येईल परत."

तो तिचा मूळ खेळ मला कधीच आवडला नव्हता. ती अर्धं पाऊल मागे सरकायची, माझा ठोसा हवेत जायचा आणि तेवढ्यात तिचा हात माझ्या नाकावर. मी चिडून तिला 'पळपुटी' म्हणायचे.

निवड ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. उपांत्य लढत मी अगदी शहाण्यासारखी थांबून खेळले आणि जिंकले. तेच कल्याणच्या मुलीने बघून ठेवलं असणार, कारण शेवटच्या लढतीत घंटा वाजली तशी ती वाट बघत न बसता सरळ अंगावर आली. मी थांबलेली आणि ती घुसतेय. पहिला राउंड मी नुसता मार खाल्ला.

कोपऱ्यात सर पाणी पाजत होते, मैत्रीण बादली धरून उभी. मी रडकुंडीला आलेले. "आता काय करू?"

सरांच्या आधी तीच बोलली. "अगं, ती आज तू झालीये. आणि तुझ्याशी कसं खेळायचं ते मला माहितीये ना! मी तुला काय करते? तेच कर."

दुसऱ्या राउंडला कल्याणची मुलगी अंगावर आली, मी अर्धं पाऊल मागे सरकले. तिचा ठोसा हवेत गेला आणि माझा हात तिच्या नाकावर. परत आली, परत तेच. तिसऱ्या राउंडला ती इतकी चिडली की मला तिची दया आली. तो राग माझ्या चांगल्या ओळखीचा होता. खुर्च्यांमधून बाबांचा आवाज आला, "अगं पळतेस काय, मार की!" मी आपली मागे सरकत राहिले.

पंचांनी माझा हात वर केला तेव्हा बाबा खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते. मी अजून खेळतेय ती त्या हात वर होण्यामुळे, आणि तो हात निम्मा माझ्या मैत्रिणीचा होता. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

खाली उतरल्यावर ती माझ्या हाताच्या पट्ट्या सोडवायला बसली, अजूनही डाव्याच हाताने. ते बघून मला रडू फुटलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने मान वर न करता मला गप्प केलं.

"गप गं, पळपुटे."