आधी पाणी देख

जिभाऊ कोणाच्याही घरी गेले की उंबरठा ओलांडण्याआधी दारातल्या गाडीचं बोनेट उघडायला लावत. घर लग्नाचं असो की दुखवट्याचं. समोरचा माणूस हात जोडून "या जिभाऊ, बसा" म्हणतोय आणि हे विचारतायत, "पाणी देखं का?" म्हणजे रेडिएटरमधलं पाणी आज पाहिलंस का. स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मुलगा हसून म्हणाला, "नवीन गाडी आहे, काही बघावं लागत नाही." जिभाऊ घरात येऊन म्हणाले, "पोऱ्या बरा शे. पन देखत नही." स्थळ तिथेच मोडलं. अशा माणसाबरोबर एका घरात राहून मी लहानाची मोठी झाले, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

जिभाऊ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव तापीच्या काठाला, सारंगखेड्यापासून थोडं आत. शेतात कापूस आणि केळी, आणि अंगणात पांढरी मोटार. मोटार माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि लाड माझ्यापेक्षा जास्त. रोज सकाळी सहाला बोनेट उघडायचं, पाणी बघायचं, तेलाची कांडी पुसून बघायची, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबायचा, मग गाडी चालू करून चहा होईपर्यंत तिचा आवाज ऐकत उभं राहायचं. गाडी कुठे जाणार असो वा नसो. त्या धुराने माझी परीक्षेची अर्धी वर्षं काळी झाली.

रेडिएटर गळायला लागला की जिभाऊ स्वयंपाकघरात शिरत आणि हळदीचा डबा घेऊन बाहेर पडत. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोकं बुजवते. हा उपाय वाटेवर अडलेल्या ड्रायव्हरचा, एका दिवसापुरता. जिभाऊंनी त्यावर कित्येक वर्षं काढली. मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी बसून ओरडे, "तुम्ही पांढरी भाजी खा, तिले पिवळी करा!" पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर अंगाचा साबण चोळायचे. सुटा भाग हवा असला तर पार सुरतेच्या भंगारवाल्यांपर्यंत जाऊन यायचे आणि तो भाग फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून आणायचे. नवी गाडी घ्या म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "हिले काय व्हयनं?" म्हणजे हिला काय झालंय.

पोळ्याची तर हद्द होती. बैल विकून जमाना झाला, पण सण गाडीला लागू झाला. चाकांना गेरू, आरशाला घुंगरमाळ, बोनेटवर पुरणपोळी, आणि दिवसभर गाडी जुंपायची नाही. एका पोळ्याला आमच्या संघटनेची सभा होती. शहाद्याहून भोंगा आणायचा होता.

"जिभाऊ, ती गाडी आहे, बैल नाही!"

"बैल दमना त बठी तरी जास," ते म्हणाले. "ही बिचारी तसं बी करत नही. तिले बस म्हननारं कोन शे?"

भोंगा आला नाही. मी घसा फोडून सभा घेतली आणि आठवडाभर मला बोलता येईना. घरातल्यांना तो आठवडा सुखाचा गेला.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ते दरवर्षी जात. घोडा घ्यायचा नसायचाच. ते विक्रेत्याला किंमतही विचारत नसत. घोड्याच्या अंगावरून हात फिरवून विचारत, "याले खरारा कोन करस?" रोज घोडा घासणारा, पुसणारा तो माणूस कुठे आहे? तो समोर आला तरच बोलणं पुढे जाई. मालकच पुढे आला तर जिभाऊ पुढच्या घोड्याकडे. परतताना मला ऐकवत, "घोडं लेवाले सारं गाव येस. खरारा कराले एकच मानूस ऱ्हास." मला हे सरंजामी वाटे. मी तसं तोंडावर म्हणालेही.

आता मुद्द्यावर येते. आमच्या आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका नव्हती. बाळंतीण अडली, कोणाला पान लागलं म्हणजे साप चावला, कोणी छातीला हात लावला, की लोक आमच्या अंगणात. मागच्या सीटवर एक गोधडी कायमची अंथरलेली असायची. दोन पोरं त्या गोधडीवर जन्मली आहेत. मी कॉलेज संपवून संघटनेत गेले आणि पहिलं पत्रक लिहिलं ते याच विषयावर. मागणी क्रमांक एक: रुग्णवाहिका. मागणी क्रमांक दोन नव्हतीच. सह्या जमवल्या, निवेदन दिलं. तालुक्याच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमच्या गावात एक मोटार आहे ना? लोकांची सोय होते म्हणे."

मी तशीच घरी आले. जिभाऊ बोनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले.

"जिभाऊ, एक महिना गाडी बंद ठेवा. बिघडनी म्हनी सांगा."

"आन त्या महिनामा कोन्ही बाई अडनी त?"

"तुमनी गाडीमुळे सरकार झोपेल शे!"

"मंग सरकारले जागं कर. मन्ही गाडीले कसाले झोपाडस?"

मी माझंच खरं केलं. निवेदनामुळे साहेब गावात पाहणीला येणार होते; त्या दिवशी, जिभाऊ आंघोळीला गेल्यावर, मी गाडीचा रोटर काढला. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली बसतो, अंगठ्याएवढा तुकडा. तो नसला तर ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. इतक्या वर्षांचा धूर खाऊन एवढं मला ठाऊक होतं. रोटर ओढणीच्या गाठीत बांधला आणि साहेबांची वाट बघत ओट्यावर बसले. गाडी बंद, सोय नाही, लिहा साहेब.

साहेबांच्या आधी सुनंदा आली. शेजारच्या गल्लीतली. तिला अजून आठवडा होता, पण भर दुपारी कळा सुरू झाल्या. दोघींनी धरून आणलं. जिभाऊ गाडीत बसले, किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पेटलं नाही. परत फिरवली. परत नाही. ते उतरले, बोनेट उघडलं, टोपण काढलं आणि आत बघितलं. मग वळले आणि माझ्यासमोर तळहात धरला. ओढणीची गाठ सुटता सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. सुनंदा गोधडीवर ओरडत होती. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं.

गाडी सुटली. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर साहेबांची जीप समोरून येत होती. साहेबांनी स्वतः जीप कडेला घेऊन आमच्या मोटारीला वाट दिली. सुनंदाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आणि पाहणीच्या अहवालात आलं: गावात खाजगी वाहनाची सोय उपलब्ध असून सदर वाहन सुस्थितीत आहे. मी तो कागद चुरगाळणार होते. जिभाऊंनी तो हातातून घेतला, पुन्हा माझ्याकडे दिला. "'सुस्थितीत' लिखं ना? परत वाच."

रोटरबद्दल ते कोणाला बोलले नाहीत, मोठ्या मायलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "ऊठ. काढता ऊनं तुले. आते बसाडता शिक." काढता आलं तुला, आता बसवायला शिक. तेव्हापासून सकाळचं बोनेट माझ्याकडे. ठिणगी पाडणारे पॉइंट घासायला शिकले, प्लग साफ करायला शिकले, आणि शेवटी चालवायलाही. पट्टा दाबला की ते विचारत, "किती दबना?" मी म्हणे, "अंगठाभर." ते स्वतः दाबून बघतच.

रुग्णवाहिका आली. दोन वर्षं भांडल्यावर आली. हार, फीत, भाषणं. मी पहिल्या रांगेत उभी. साहेबांचं भाषण संपताच मागून जिभाऊंचा आवाज आला, "हिले खरारा कोन करनार?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसले. पुढच्या पावसाळ्यात कंत्राटी ड्रायव्हर सोडून गेला. बॅटरी उतरली. चाकं बसली. आता तिच्या सावलीला बकऱ्या बसतात. जिभाऊ एकदा बोनेट उघडायला गेले, तर शिपाई म्हणाला, "सरकारी शे, हात नका लावू." आयुष्यात प्रथमच मी त्यांना बोनेट न उघडता परतताना पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात, घोडेबाजार भरण्याआधी, एका सकाळी जिभाऊंनी छाती धरली. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसले, म्हणजे निजले, मोठ्या मायच्या मांडीवर डोकं ठेवून, त्याच गोधडीवर. मी चालवत होते. रुग्णवाहिकेवरून, तिच्या बकऱ्यांवरून आम्ही पुढे गेलो. मागून बारीक आवाज आला.

"पाणी देखं का?"

"देखं, जिभाऊ."

"पट्टा?"

"अंगठाभर दबस."

गाडी शहाद्यापर्यंत एकदाही अडली नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जिभाऊ गेले.

या महिन्यात मी नवं पत्रक काढलं. मागणी क्रमांक एक: रुग्णवाहिका रोज उघडून बघणारा कायमचा माणूस. नवी गाडी नको, माणूस द्या. काल कार्यालयाचं उत्तर आलं. तेच साहेब, तीच भाषा: गावात खाजगी वाहनाची सोय उपलब्ध आहे.

त्यांची ही सोय म्हणजे आता मी. उत्तराला उत्तर लिहायचं आहे, आणि ते मी सोडणार नाही. पण आज सकाळी सहा वाजले तेव्हा कागद बाजूला ठेवला आणि आधी पाणी बघितलं.