बुडालेल्या गावाचं शून्य
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की तालुक्याची ती आरोग्य कचेरी आठवते. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होते. एक्सेलमध्ये हवे ते रकाने ओढून बनणाऱ्या पिव्होट टेबलवरून नर्सबायांचं लसीकरणाचं स्कोअरकार्ड काढलं, तर एकीच्या गावापुढे लाल शून्य आलं. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात बुडालेलं, पण यादीत शाबूत होतं. “लस कोणाले देऊ, मासोळ्यायले?” बाई तणतणली. कचेरीचे आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, “शून्य म्हंजे शून्य. लाव भिंतीवर.” मी त्याच टेबलात साहेबांच्या गावभेटींचा रकाना ओढून आणला. त्या गावापुढे त्यांचंही शून्य होतं, तेवढंच लाल. “दोन्ही लावू काय, साहेब?” साहेबांनी ते गावच यादीतून काढायला सांगितलं. आज माझंही स्कोअरकार्ड कोणीतरी काढतं. काढू द्या, रकाने मलाही ओढता येतात.